पांढऱ्या फुलांचा साचा

पत्नीच्या काखेतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी संभाजीनगरला गेला, त्या आठवड्यात मी माझी वेबसाइट नव्याने बांधायला घेतली. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिताना मला संकोच वाटतो. पण त्या एकत्रच घडल्या. "अहवाल यायला थोडे दिवस लागतील, तोवर मन कशात तरी गुंतवा," असे बीडच्या डॉक्टरांनी तिला सांगितले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो सल्ला मी मुकाट्याने स्वतःसाठी उचलला. तिला मन गुंतवायला सवड नव्हती. उन्हाळा तोंडावर होता आणि शेंगा फोडायच्या राहिल्या होत्या.

मी वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. शिकवण्यापलीकडे मला एकच छंद होता: बांधावरची, रस्त्याकडेची, कुणी न पेरलेली झाडे टिपणे. लिंबागणेशच्या वाटेवरचा आघाडा, माजलगावकडच्या उसातला केना, पडक्या कुंपणांवरच्या वेली. पान उजेडासमोर धरले की त्याच्या शिरा स्वच्छ दिसतात. मात्र आमच्याकडच्या वाऱ्यात ते स्थिर राहत नाही, कुणीतरी धरावे लागते. ते काम लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात पत्नीकडे आले आणि तिच्याकडेच राहिले. त्यामुळे माझ्या प्रत्येक छायाचित्रात तिचा उजवा हात आहे. चेहरा एकाही छायाचित्रात नाही.

ती छायाचित्रे आणि त्यांखालच्या टिपणांची वेबसाइट माझ्या एका विद्यार्थ्याने फार पूर्वी करून दिली होती. मराठीचे जुने फॉन्ट तेव्हा चालत. आताच्या फोनवर ती उघडली की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसे. पुण्याला असलेली आमची मुलगी म्हणे, "बाबा, कुणीतरी कीबोर्डवर बसून उठल्यासारखं वाटतं." मी हसत असे आणि विषय बदलत असे. संगणकाला मी निवृत्तीनंतर हात लावला. गावातल्या एका शिकवणीच्या दारापर्यंत जाऊनही आलो होतो. पण आत बसलेल्या सगळ्यांचे आईवडील माझ्या वर्गात बसून गेलेले. दारातूनच मागे फिरलो.

म्हणून सॉफ्टवेअरची निवड मी एकट्यानेच करायची ठरवली, आणि अभ्यासक्रमाची पुस्तके निवडावीत तशी केली. जोडाक्षरे नीट दिसली पाहिजेत. चूक झाली तर मागे येता आले पाहिजे. फोनवर पान तुटता कामा नये. आणि मुख्य म्हणजे शिकायला सोपे हवे, कारण माझ्याजवळ किती दिवस आहेत हे मला ठाऊक नव्हते. अहवाल आल्यावर मला पडद्यासमोर बसवेल असे वाटत नव्हते.

पहिले सॉफ्टवेअर सगळीकडे वापरले जाणारे. पण त्यात एक ओळ लिहिण्याआधीच प्रश्न सुरू होत: साइट कुठे ठेवणार, कोणते जोडभाग घेणार, कोणाला काय दिसू द्यायचे. दुसऱ्यात सगळे आपणच आज्ञा लिहून करायचे. ते मला मनातून आवडले होते, लॅटिन नावांची शिस्त अंगवळणी असल्यामुळे असेल; पण एक कंस राहिला की संपूर्ण पान पांढरे होई आणि ते पांढरे पान त्या दिवसांत माझ्याने बघवेना. तिसरे सर्वांत सोपे. चित्र उचलावे, हवे तिथे सोडावे. आकार, अंतर, रंग ते स्वतःच पाही. मी प्रत्येकात 'आर्द्र' आणि 'उत्कृष्ट' हे दोन शब्द टाइप करून पाहत असे. तिसऱ्यात ते न तुटता उमटले.

पत्नी दाराशी येऊन उभी राहिली. "ठरलं का न्हाई? आपल्या पोरीनं नवरा निवडायला एवढा वेळ लावला नव्हता."

"ठरलं," मी म्हणालो. "हे सोपं आहे. बरंचसं आपणहूनच करतं."

"आपणहून करणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं," ती म्हणाली आणि सूप घेऊन पडवीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी डिजिटल कॅमेऱ्यातली छायाचित्रे चढवली. मी त्यांची मांडणी कुळांप्रमाणे केली होती. या सॉफ्टवेअरला त्याचे काही नव्हते. प्रत्येक छायाचित्राच्या पोटात तारीख असते, ती त्याने वाचली आणि मला न विचारता सगळी छायाचित्रे काळाच्या क्रमाने लावून टाकली. पडदाभर छोट्या चौकटी झाल्या. एवढ्या लहान आकारात पाने ओळखू येत नव्हती. दिसत होता तो फक्त हात. हातामागून हात.

क्रम बदलण्याची कळ शोधत मी पान खाली सरकवत होतो आणि सरकवता सरकवता थांबलो. वरच्या रांगांमध्ये हात उंचावलेला असे तेव्हा बांगड्या घसरून कोपराकडे गेलेल्या दिसत. मधल्या रांगांत त्या मनगटाच्या थोड्या मागे थांबू लागल्या होत्या. त्याच्या खालच्या रांगांत त्या मनगटावरच रुतल्या होत्या, आणि हाताच्या पाठीवरच्या निळ्या शिरा दिसेनाशा झाल्या होत्या. शेवटच्या रांगेत बांगड्याच नव्हत्या.

मला आठवले. गेल्या दिवाळीला ती म्हणाली होती, "काचतेत. वजन वाढलं माझं." तेव्हापासून ती सगळ्या बांगड्या डाव्याच हातात घालत होती. मी मान हलवली होती. पानावरची गाठ किडीमुळे उठली की बुरशीमुळे, हे मी वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आलो. तेच पान धरलेला हात सुजत होता आणि माझ्या कॅमेऱ्याची नजर कायम पानावर होती. प्रत्येक छायाचित्रात हात जरासा पुसट आहे.

मी उठून खिडकीशी गेलो. पडवीत ती डाव्या हाताने शेंगा फोडत होती. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

अहवाल यायचा होता. मला तो त्या दुपारी कळून चुकला. मी कुणालाही सांगितले नाही. परत येऊन बसलो आणि मुखपृष्ठासाठी साचा निवडू लागलो, कारण एक गोष्ट मनाने घेतली होती: ज्या हाताने इतकी पाने धरली त्या हाताची मालकीण पहिल्या पानावर दिसली पाहिजे, आणि ते अहवाल येण्याआधी व्हायला हवे. नंतर केले तर त्याचा अर्थ वेगळा होईल.

तयार साचे पुष्कळ होते. बहुतेक उपाहारगृहांचे, व्यायामशाळांचे. एका साच्यात मध्यभागी लंबगोल चौकट, तिच्याखाली पांढऱ्या फुलांची आणि फिकट पानांची नक्षी, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. फुले तगरीच्या जातीची वाटली. वनस्पतीशास्त्राच्या माणसाला फुलांचा साचा शोभेल, एवढाच विचार मी केला. एका लग्नातल्या घोळक्यातून मी तिचा चेहरा कापून घेतला; ती कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. चौकटीत सोडताच सॉफ्टवेअरने तो कृष्णधवल केला. मी दचकलो, पण माउसचा बाण चेहऱ्यावर नेला की हळूहळू रंग भरत, साडीचा निळा, कुंकवाचा लाल. बाण काढला की पुन्हा राखाडी. मला ते सुंदर वाटले. मी बराच वेळ बाण नेत होतो आणि काढत होतो. वर मथळा लिहिला: 'जिच्या हातामुळे हे सारे दिसले.'

मुलीला दाखवावे असे मनात आले होते. पण ती कामात असेल म्हणून विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण झाल्यावर पान प्रसिद्ध केले, दोन्हीकडच्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा दुवा पाठवला आणि वामकुक्षीला आडवा झालो. वर्गातल्या सवयीमुळे माझ्या फोनचा आवाज कायम बंद असतो.

जाग आली ती पत्नीच्या बोलण्याने. तिचा साधा फोन वाजला होता.

"मीच बोलतीये. दुसरं कोण असणार? ... अगं, रडतीस कावून? ... शेंगा फोडतीये. ... ते झोपलेत. ... काय बंद करायला सांगू?"

तिने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे मुलगी हुंदके आणि राग एकाच श्वासात आवरत होती. "बाबा, काय पाठवलंत तुम्ही? आत्या मला विचारतेय, निघालीस का म्हणून. आधी ते पान बंद करा. फोनवर माउस नसतो, बाबा."

मी माझा फोन हातात घेतला. दुव्याखाली सॉफ्टवेअरने आपणहून मुखपृष्ठाचे छोटे चित्र जोडले होते. ते मी प्रथमच फोनवर पाहत होतो. लंबगोलात माझ्या पत्नीचा कृष्णधवल चेहरा, खाली पांढरी फुले. आमच्या चौकाचौकात अशी चित्रे लागतात. ती वाचावी लागत नाहीत, लांबून कळतात. मला एकट्याला ते कळले नव्हते. तिला तपासणीला नेल्याचे नातलगांपैकी काहींना ठाऊक होते, आणि त्यांनी इतरांना सांगितले असणार. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. 'शिवैक्य झाल्याचे समजून धक्का बसला.' 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'माउली गेली.'

मी घाईघाईने लिहायला घेतले. माझी बोटे मंद चालतात. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"'सर्व आप्तेष्टांस नम्रपणे कळविण्यात येते की'... अहो, ही पण शोकपत्रिकाच झाली. नुसतं लिहा, ती जिती हाय."

मी तसे लिहिले. मग तिने फोन काढून घेतला आणि चष्मा लावून वरपासून वाचू लागली. तो फोन तिच्या हातातून ओढून घ्यावा असे मला वाटत होते आणि धीर होत नव्हता.

"'प्रेमळ स्वभाव.' हिच्याशी मी धड बोलले कधी? ... 'त्यांच्या हातची पुरणपोळी विसरणार नाही.' ही तर पोळीला नावं ठेवून गेली होती. ... ह्यानं रडका चेहरा टाकलाय आन् शेजारी केक. घाईत हाताला लागला असंल." ती हसत होती. मग हसणे थांबले. "एकाचं काही आलं न्हाई."

कुणाचे, ते मी विचारले नाही. माजलगावला तिचा धाकटा भाऊ आहे, धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांचे वडिलोपार्जित कापडाचे दुकान. आमच्या मुलीने कचेरीत नोंदणी करून लग्न केले तेव्हापासून त्याने आमच्या घरी पाऊल टाकलेले नव्हते. भाचीच्या लग्नात मामाने तिच्यामागे उभे राहायचे असते. तो मान गेला, हा त्याचा राग होता. तो ग्रुपवर होता, पण कधी लिहीत नसे.

मी लॅपटॉप उघडून पान काढू लागलो. सोप्या सॉफ्टवेअरमध्ये पान प्रसिद्ध करायला एक कळ होती. काढायची कळ मात्र दिसेना. तेवढ्यात फाटक वाजले. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून आत आल्या, "सर, असं कसं हो झालं" असे म्हणत ओट्यापर्यंत पोचल्या आणि समोर सूप घेऊन बसलेली माझी पत्नी पाहून मटकन खाली बसल्या.

"पाणी द्या त्यांना," पत्नी मला म्हणाली. "आन् चहा टाका. अजून येतील."

काकूंना घाम फुटला होता. श्वास जागेवर आल्यावर त्या तिचे खांदे, गाल चाचपू लागल्या आणि मग एकदम उजळल्या. "चांगलं झालं बघा! डोक्याला कावळा शिवला की मुद्दाम खोटा सांगावा धाडतेत, अमकी गेली म्हणून. लोक रडतेत आन् गंडांतर टळतं. तुमच्या सरांनी न कळता तेच केलं. गाठीचं काही निघत न्हाई आता. लिहून ठेवा."

"आयकलं का?" पत्नी माझ्याकडे पाहून म्हणाली. "तुमची वेबसाइट कामाला आली."

अशा समजुतींवर माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी मी विश्वास ठेवायला तयार होतो, आणि माझी नजर तिच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे गेली. तिने तो पदराखाली घेतला. तेव्हा मला प्रथमच वाटले की हिलाही ठाऊक आहे, कदाचित माझ्याही आधीपासून.

उन्हे कलली तेव्हा फाटकाबाहेर गाडी थांबली. माजलगावहून येणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. ती ओलांडत तो आला असणार. अंगावर धूळ होती. छातीशी दोन्ही हातांनी एक पिशवी धरली होती. फाटकातून आत येताना त्याने पायातल्या चपला काढून बाहेरच ठेवल्या. मान खाली होती, म्हणून ओट्यापाशी येईपर्यंत त्याला ती दिसली नाही.

"ये की," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थांबला. "आक्का," म्हणाला. 

"दारात कावून उभा राहिलास? ह्यांनी फोटो टाकला होता नुसता. मी हाय."

"फोन केला असता तर..." मी चाचरत म्हणालो.

"असं इचारतेत का, दाजी, फोन करून?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

"पिशवीत काय हाय?" तिने विचारले.

"काय न्हाई."

"काय न्हाई तर एवढी छातीशी धरलीस?"

काकूंनी तोंडावर हात नेला. मलाही उमगले. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचे वस्त्र माहेरचे घालतात. ते भावाने आणायचे असते, कोरे, घडी न मोडलेले. भांडण असो वा नसो, ते आणायला तो येतोच. बाकीच्यांनी हात जोडलेली चिन्हे पाठवली होती. याने दुकानाच्या फळीवरचे कोरे वस्त्र उचलले होते.

तिने डावा हात पुढे केला. तो देईना. ती हात तसाच धरून थांबली. शेवटी त्याने पिशवी दिली. तिने आतून साडी काढली. हिरवीगार, जरीचे काठ, वर कुंकवाची पुडी आणि काचेच्या हिरव्या बांगड्या. कापड-दुकानदाराची लेक, पदराचे टोक अंगठा आणि बोटात धरून तिने चुरडून पाहिले.

"पोत चांगलाय. वरच्या फळीवरची दिसती. जिती असताना असली कधी नेसवली न्हाईस मला."

"बोल, आक्का. लागंल ते बोल." तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "रस्त्यानं येताना मला सारखं वाटत होतं... मामाला मागं उभं केलं न्हाई म्हणून मी एवढी वर्षं..."

"अरे, कचेरीत मागं भिंत होती. तुला कुठं उभं करणार? खुर्च्या होत्या, येऊन बसला असतास." ती म्हणाली. "गप. चहा घे."

त्याने कपबशी हातात घेतली, पण प्यायला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मी ती परत नेतो."

"परत न्यायची नसती, बाबा," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणलेल्या घरातून परत गेली तर मग तुमच्या घरात... आन् इथं ठेवायची पण न्हाई. नदीत सोडा उद्या."

 साडी ओट्यावर सुपाशेजारी पडून होती. शेवटी पत्नीनेच ती उचलली, आत नेली आणि कपाटात आपल्या साड्यांच्या थप्पीवर ठेवली. कपाटाचे दार लावल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मुलीने फोनवरून एकेक पायरी सांगितली तेव्हा पान बंद झाले. पत्नीचा भाऊ परत गेला नाही. दुकान मुलांकडे सोपवून तो आमच्याकडेच राहिला, कारण अहवाल यायचा होता. आम्ही दोघे पुरुष एकमेकांशी फारसे बोललो नाही. जेवायला बसलो की कपाट समोर येई. ते उघडले की नव्या कापडाच्या खळीचा वास घरभर पसरे. काकूंनी दोनदा आठवण केली, भाऊ नदीवर जायला निघालाही, पत्नी म्हणाली, "घाई काय हाय."

संभाजीनगरच्या दवाखान्यातून फोन आला तो सकाळी. पलीकडच्या बाईंनी आवाज जरा जास्तच मऊ केला होता. "अहवाल आला आहे. दोघंही या. आणि सोबत घरचं आणखी कुणीतरी असू द्या."

"काय म्हणाल्या?" तिने विचारले. मी सांगितले. ती लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून उभी होती. "बरं," म्हणाली, आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिने ती हिरवी साडी नेसली होती.

भाऊ गाडीची काच पुसत होता. त्याच्या हातातला फडका खाली पडला. "आक्का, ही नको. तुझ्या पाया पडतो. ही नको."

"कावून?" ती निऱ्या सारख्या करत म्हणाली. "तसल्या कामाला कोरीच लागती ना? मग. आता ही कोरी राहिली न्हाई."

फाटकाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी वळेपर्यंत ते मिटलेलेच होते.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते मी इथे विस्ताराने लिहीत नाही. गाठ जिची भीती होती तीच निघाली, आणि ती एकटी नव्हती. उपचार लांबचे आहेत. करून पाहायचे आहेत. आशा सोडायची नाही, असे ते म्हणाले, आणि म्हणताना टेबलावरच्या पेनाचे टोपण काढत-घालत राहिले. पत्नीने एकच प्रश्न विचारला, "हा हात पुन्हा वर होईल का?" त्यांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले.

परतताना गेवराईपाशी चहाला थांबलो. महामार्गावरून वाळूचे ट्रक एकामागून एक जात होते आणि टेबल थरथरत होते. तिने कप डाव्या हाताने उचलला, ओठांपाशी नेला आणि तसाच तिरका केला. चहा पदरावर, जरीवर सांडला.

"आक्का!" भाऊ खिशातून रुमाल काढत उठला. "लगेच पाणी लाव. न्हाईतर डाग बसंल."

"बसू दे," ती म्हणाली. "बसायलाच पायजे."

तो रुमाल हातात घेऊन उभा राहिला. मग त्याला कळले आणि तो खाली बसला.

उपचार सुरू आहेत. दर खेपेला तोच गाडी चालवतो, आणि दर खेपेला ती तीच साडी नेसते. धुऊन धुऊन हिरवा रंग आता उसाच्या वाळक्या पाचटाकडे झुकला आहे. एका काठाची जर उसवली आहे.

वेबसाइट मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा केली. दुसरे शिकायला वेळ नाही. पांढऱ्या फुलांचा साचा काढून टाकला. चित्र कृष्णधवल करणारी खूण कुठे असते ते मला आता ठाऊक आहे, आणि प्रसिद्ध करण्याआधी मी प्रत्येक पान तिच्याकडे नेतो. चेहरा तिने ठेवू दिला नाही. "हात होता तोच बरा," म्हणाली. "तेवढा कुणी ओळखत न्हाई." छायाचित्रांचा क्रम मात्र मी कुळांप्रमाणे केलेला नाही. तारखांचाच ठेवला आहे. दवाखान्याच्या आवारात, भिंतीच्या कडेला, नळाच्या ओलीवर केना उगवतो. परवा तिने त्याचे पान उजेडासमोर धरले, डाव्या हाताने. तो हात सवयीचा नसल्यामुळे पान थोडे हलले आहे. मी ते तसेच चढवले. शेवटच्या छायाचित्रानंतर सॉफ्टवेअर आपणहून एक रिकामी चौकट ठेवते, पुढच्या चित्रासाठी. ती काढता येते. मी रोज ती उघडून पाहतो आणि पुन्हा झाकतो.

केन्याचे पान धरले त्याच दिवशी परतताना भाऊ आरशातून तिच्याकडे पाहत म्हणाला, "आक्का, लई इरली ग ही. दुकानात नवा माल आलाय. एक आणू का चांगली?"

ती खिडकीबाहेर पाहत होती.

"न्हाई," म्हणाली. "आता तू मला कोरी साडी आणायची न्हाई. सांगून ठेवते."